मावशीचे दोन आकडे

माझ्या मावशीने आयुष्यातली एकतीस वर्षं नदीचं पाणी मोजण्यात घालवली. पुलाच्या अलीकडे, अगदी काठावर एक लहानशी पक्की खोली होती. आत टेबल, फोन, नोंदवही आणि एक स्टूल. दारापासून पायऱ्या खाली पाण्यात उतरायच्या आणि पायऱ्यांच्या कडेने आकडे रंगवलेले खांब उभे असायचे. ठरलेल्या वेळी खाली जायचं, पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते बघायचं, वर येऊन वहीत लिहायचं आणि फोन करून मोठ्या ऑफिसला कळवायचं, एवढंच काम. सगळे तिला मोजणीबाई म्हणायचे. लहानपणी मला वाटायचं, मावशी एक दिवस कामावर गेली नाही तर नदीला आपण किती आहोत हे कळायचंच नाही.

मोठा पूर आला तेव्हा ती सदतीस वर्षांची होती. त्या दिवशी ती त्या खोलीत एकटी बसून राहिली, पाणी दाराशी आलं तरी जागा सोडली नाही, दर अर्ध्या तासाने आकडे कळवत राहिली. म्हणजे सगळ्यांना तरी तसंच माहीत होतं. ऑफिसने तिला मानपत्र दिलं. काकांनी ते चौकट करून बाहेरच्या खोलीत लावलं. घरी कोणी नवीन माणूस आलं की चहा येईपर्यंत काका त्याला पुराची गोष्ट सांगत आणि मावशी तेवढा वेळ स्वयंपाकघरात चहा उकळत ठेवी. काकांचा चहा नेहमी कडू व्हायचा तो त्यामुळे.

मावशी निवृत्त झाली. पुढे तीन वर्षांनी एका रविवारी सकाळी तिच्या लेकीचा फोन आला. ताई आणि तिचा नवरा परदेशात नोकरी करतात. आईवडिलांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतात म्हणून त्या दोघांनी परस्पर सगळं ठरवून टाकलं होतं: युरोपातल्या एका मोठ्या नदीवरून आठ दिवसांची सहल. बोटीतच राहायचं, बोटीतच जेवायचं, रोज सकाळी नवं शहर. तीन महिन्यांनी निघायचं.

काका खुर्चीतून उठून उभेच राहिले. जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासलेला माणूस. शहरांची नावं वाचली होती हजार, पाहिलं होतं एकही नाही. मावशीने फोन हातात घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "बोटीचा तळ पाण्यात किती खोल असतो?"

फोनवर ताई हसली, काका हसले, मीही हसले. म्हटलं, घोडं म्हातारं झालं तरी चाल विसरत नाही.

मी त्यांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते, म्हणून कागदपत्रांची धावपळ माझ्याकडे आली. दोघांना फोटो स्टुडिओत नेलं. फोटोवाला मावशीला चार वेळा म्हणाला, "चेहरा जरा सैल सोडा, आजी." शेवटी त्याने कंटाळून बटण दाबलं. फोटोत मावशी अशी दिसत होती, जणू कोणीतरी तिच्या मागून दार लावून घेतलंय. काका म्हणाले, "व्हिसा देणारा घाबरेल हिला बघून."

पण मला ते नुसतं हसण्यावारी नेता येईना. बोटीचं माहितीपत्रक आलं, गुळगुळीत कागदावर छापलेलं. काका त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकांवर खुणा करत बसले. मावशीने मात्र खोल्यांचा नकाशा काढला आणि पट्टी घेऊन खिडकी पाण्यापासून किती वर येते ते मोजलं. ताईला पुन्हा फोन. खोली वरच्या मजल्यावर मिळेल का, दार आत उघडतं का बाहेर, भोंगा कुठे असतो आणि तो वाजवायचं कोण ठरवतं. ताई म्हणाली, "आई, ती नदी शहाण्यासारखी वाहते. लोक तिथे वाइन पीत बसतात." मावशी "बरं" म्हणाली. फोन ठेवताना रिसीव्हर तिच्या हातून दोनदा घसरला.

तिचं जेवण कमी झालं. ब्लाउज सैल पडायला लागले. विचारलं की म्हणायची, "वय झालं."

मग एका दुपारी ती खाली माझ्याकडे आली, दार लावून घेतलं आणि म्हणाली, "मला पोहायला शिकव."

"मला कुठे येतं?"

"मग जिथे शिकवतात तिथे ने. ह्यांना सांगू नकोस."

पोहण्याचा तलाव आमच्यापासून तीन बसथांबे दूर होता. बंदिस्त, वर काचेचं छत, आत औषधाचा वास आणि प्रत्येक आवाज घुमणारा. शिकवणारी बाई तिशीची होती, गळ्यात शिट्टी, खांदे रुंद. तिने मावशीकडे बघितलं आणि घाई केली नाही. पहिल्या दिवशी मावशी दांडी धरून दुसऱ्या पायरीवर चाळीस मिनिटं उभी राहिली. पाणी घोट्याच्या जरा वर. बाजूला पाच-सहा वर्षांच्या पोरी बेडकासारख्या उड्या मारत होत्या. दुसऱ्या दिवशी ती गुडघ्यापर्यंत गेली आणि तिचे ओठ पांढरे पडले. मी काठावरून म्हटलं, "पुरे आज." ती म्हणाली, "गप्प बस."

तिसऱ्या खेपेला ती कमरेपर्यंत उतरली. शिकवणारीने तिचे दोन्ही हात धरले होते. तेवढ्यात पलीकडे कोणीतरी धप्पकन उडी मारली, पाण्याची लाट आली आणि मावशीच्या पोटावर आपटली. मावशी ओरडली नाही. ती अगदी सपाट आवाजात आकडे म्हणायला लागली. "आठ तीस. आठ चाळीस. आठ तीस. आठ चाळीस." शिकवणारीने तिला उचलल्यासारखं करून बाहेर काढलं.

कपडे बदलायच्या खोलीत लाकडी बाकावर मी तिला टॉवेलात गुंडाळून बसवलं. बराच वेळ तिच्या दातांचा आवाज येत होता. मग तिने सांगितलं.

पुराच्या दिवशी दुपारी अडीच वाजता ती आकडा बघायला खाली उतरली. आठ मीटर वीस बघून ती तिसऱ्या पायरीवर होती, तेव्हा एक अख्खं झाड वाहत आलं आणि कठड्यावर आदळलं. लोखंडी कठडा काडीसारखा वाकला. ती धावत वर आली आणि दार लावून घेतलं. ताई दहा वर्षांची होती, शाळेतून यायची होती. मावशीला एकच दिसत होतं, की पोर घरी येईल आणि आई नसेल. तीन वाजले. तिची बाहेर जायची छाती झाली नाही. पाणी अर्ध्या तासाला दहा सेंटिमीटर वाढत होतं, म्हणून तिने आधीच्या आकड्यात दहा मिळवले आणि फोनवर सांगितलं, आठ मीटर तीस. साडेतीनला आणखी दहा मिळवले. आठ चाळीस. नऊ मीटरला भोंगा वाजवायचा असा नियम होता. चार वाजता साहेब जीपने आले, त्यांनी स्वतः खांब बघितला. नऊ साठ. भोंगा वाजला चार वाजून पाच मिनिटांनी. सव्वाचारला खालच्या वस्तीत पाणी शिरलं.

"कोणी मेलं नाही," ती म्हणाली. "माणसं छपरांवर चढली. पण लाँड्रीवाल्याचा पाय गेला तो तिथेच."

लाँड्रीवाल्याला मी ओळखत होते. आमच्या मागच्याच रस्त्यावर त्याचं दुकान, पुराआधी ते खालच्या वस्तीत होतं. पुरात कपड्यांचं लोखंडी कपाट त्याच्या पायावर पडलं, तेव्हापासून डावा गुडघा वाकत नाही. उंच स्टुलावर बसून इस्त्री करतो. मावशी सव्वीस वर्षं सगळे कपडे त्याच्याकडे टाकत होती, उशांचे अभ्रेसुद्धा. मला वाटायचं तिला टापटिपीची हौस आहे.

मी म्हटलं, "मावशी, झालं ते झालं. आता कशाला उकरायचं? कोणाला सांगू नकोस."

"नाहीच सांगितलं," ती म्हणाली. "बघ ना काय झालंय माझं."

त्या आठवड्यात काकांनी दोघांचे जाड कोट लाँड्रीत नेऊन दिले. संध्याकाळी जेवताना खुशीत सांगत होते. मीही तिथेच होते. "लाँड्रीवाल्याला म्हटलं, निघालो आम्ही युरोपात, नदीवर. तर तो म्हणतो कसा, मोजणीबाई बरोबर आहेत, मग तुम्हाला पाण्याची काय भीती?"

मावशीने चमचा खाली ठेवला. "अहो, मी तुम्हाला एक सांगायचं राहिलंय," ती म्हणाली, आणि मला सांगितलं होतं तसंच, त्याच क्रमाने, सगळं सांगितलं.

काकांचा हात ताटात तसाच राहिला. आमटी निवली. मला वाटलं ते तिची समजूत घालतील. एवढ्या वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. ते उठले, बाहेरच्या खोलीत गेले आणि भिंतीवरचं मानपत्र काढून कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवलं. परत येऊन म्हणाले, "सव्वीस वर्षं मी ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतोय. तू आत चहा करत होतीस."

"हो."

"एकदा तरी थांबवायचंस मला."

पुढचे दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. मावशी घरात पाय न वाजवता वावरत होती, जणू कोणी आजारी आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्या दारात आले. "छापून गेलेल्या चुकीला शुद्धिपत्र लावतात," ते म्हणाले. "पुस्तक परत बोलवता येत नाही. कोट आणायला तिला जाऊ दे. तू सोबत जा. मी आलो तर ती माझ्याकडे बघून बोलेल."

दुकानात वाफेने काचा पांढऱ्या झाल्या होत्या. लाँड्रीवाला स्टुलावर बसून एक शर्ट इस्त्री करत होता, ताठ पाय पुढे लांब केलेला. मावशी काउंटरला धरून उभी राहिली. मला तिची मान मागून दिसत होती. घामाने केस चिकटले होते.

"कोट तयार आहेत, बाई. काकांचं एक बटण सैल होतं, पक्कं केलंय."

"भाऊ, मला तुम्हाला काही सांगायचंय. पुराच्या दिवशी तीनचा आणि साडेतीनचा आकडा मी बघितलाच नव्हता. दार लावून आत बसले होते. अंदाजाने सांगितले. ते खोटे होते. भोंगा निदान अर्धा तास उशिरा वाजला तो माझ्यामुळे."

त्याने शर्टाची बाही पूर्ण केली. मग इस्त्री उभी करून ठेवली आणि बटण बंद केलं.

"कोणाला माहीत आहे?"

"ह्यांना. आणि ह्या भाचीला."

"आणि आता मला." तो शर्टाकडे बघत होता. "दोन वाजता शेजारी म्हणाला होता, चल, वर जाऊ. मी म्हटलं, गिऱ्हाइकांचे गठ्ठे वर चढवतो. भोंगा वाजला की निघतो. म्हटलं, मोजणीबाई बसलीय तिथे, ती कळवेल वेळेवर."

मावशीने काउंटर दोन्ही हातांनी धरला.

"कोट घेऊन जा," तो म्हणाला. "बायकोला हे सांगायचं की नाही, ते आता माझ्या डोक्यावर आलं."

बाहेर आल्यावर मावशी बंद दुकानाच्या पायरीवर बसली, कोट मांडीवर घेऊन. "मला वाटलं होतं, सांगितलं की हलकं वाटेल."

"नाही वाटत?"

"आधी फक्त पाण्याची भीती वाटायची. आता त्याचीही वाटते."

दुसऱ्या दिवशी मात्र ती तलावावर गेली. ह्या वेळी काकाही आले. काठावरच्या बाकावर बसून भिंतीवरची नियमांची पाटी वाचत होते. शिकवणारीला सांगून आले, की पाटीत दोन चुका आहेत. मावशी छातीपर्यंत पाण्यात उतरली. शिकवणारीने तिच्या पाठीखाली हात धरला, तिला आडवं केलं आणि मग हात हळूच काढला. मावशी अकरा मोजेपर्यंत तरंगली. बाराव्याला घाबरून उठली, नाकातोंडात पाणी गेलं, खोकून खोकून डोळे लाल झाले. "पुन्हा," ती म्हणाली.

निघायला बारा दिवस उरले होते. व्हिसा आला होता, बॅगा अर्ध्या भरल्या होत्या. अशा एका सकाळी जिन्यात एक जड पाय आणि एक काठी, असा आवाज आला. लाँड्रीवाला दोन मजले चढून आला होता. मावशीने आवाज ओळखला. ती मला म्हणाली, "दार तू उघड," आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

तो खुर्चीत बसला, पाणी प्यायला. मग म्हणाला, "बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ऑफिसच्या अहवालात काय छापलंय ते बाईंना विचार."

अहवाल मावशीला पाठ होता. तिने खाली बघून म्हटलं, "पाणी अचानक वाढले. इशारा मिळूनही वस्तीतील लोकांनी वेळेत हालचाल केली नाही."

"हालचाल केली नाही," तो म्हणाला. "सव्वीस वर्षं बायको मला तेच ऐकवतेय. कपड्यांच्या लोभाने पाय घालवला म्हणते. सासरा तेच म्हणत म्हणत गेला. मलाही तेच वाटायला लागलं होतं. बाई, मला तुमची माफी वगैरे नको. तुम्ही हे लिहून द्या. ऑफिसला. सहीनिशी. जायच्या आधी द्या, कारण बोटीचं काही सांगता येत नाही."

शेवटचं वाक्य तो अगदी सरळपणे बोलला. मावशीने होकाराची मान हलवली.

त्या दुपारी ती टेबलाशी बसली. पोलीस येतील का, मानपत्र परत मागतील का, पेपरात नाव येईल का, ताईच्या सासरी काय वाटेल, सगळं तिने मोठ्याने बोलून घेतलं. मग लिहिलं. एकच पान. दोन वेळा, दोन आकडे, आणि ते डोळ्यांनी न बघता सांगितले हे वाक्य. काकांनी पेन हातात घेऊन कागद वाचला. मला वाटलं आता ऱ्हस्व-दीर्घ काढतील. त्यांनी पेन न लावता कागद परत दिला.

ऑफिसात आम्ही तिघं गेलो. खिडकीतला कारकून त्या पुराच्या वेळी जन्मलाही नसेल. त्याने पत्र वाचलं, पुन्हा वाचलं आणि विचारलं, "आजी, ह्याचं काय करायचं?"

"आवक शिक्का मार," मावशी म्हणाली, "आणि प्रत मला दे." तिने शिक्का बसेपर्यंत खिडकी सोडली नाही. प्रत तिने लाँड्रीत नेऊन दिली. त्याने ती घेतली, वाचली, काउंटरच्या खणात ठेवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

विमानतळावर सोडायला मी गेले होते. मावशीचा चेहरा स्टुडिओतल्या फोटोसारखाच होता. "भीती काहीच कमी झाली नाही बघ," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, एवढं केल्यावर तरी थोडी कमी होईल."

"मग नको जाऊस."

"ह्यांनी नकाशे पाठ केलेत," ती म्हणाली आणि रांगेत पुढे सरकली.

काकांकडून नंतर कळलं. पहिले दोन दिवस तिने खोलीचा पडदा उघडला नाही आणि जीवरक्षक जाकीट पांघरुणावर ठेवून झोपली. तिसऱ्या दिवशी बोटीवर सरावाचा भोंगा वाजला तेव्हा ती सगळ्यांच्या आधी वर पोचली आणि एका वृद्ध जोडप्याला त्यांच्या जाकिटाचे पट्टे बांधून दिले. चौथ्या दिवसापासून रोज सकाळी वीस मिनिटं ती वरच्या मजल्यावर बसायची, दांडी घट्ट धरून, डोळे उघडे ठेवून. वीस मिनिटं झाली की खाली. त्यापेक्षा जास्त नाही.

परत आल्यावर ऑफिसचं उत्तर आलेलं होतं: पत्र पूरविषयक नस्तीत समाविष्ट करण्यात आले आहे. अहवालात दुरुस्ती होईल की नाही, ते अजून कळलेलं नाही. मावशी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जाऊन विचारते. कारकून तिला आता लांबूनच ओळखतो आणि पाणी पिण्याच्या निमित्ताने उठून जातो.

लाँड्रीत ती जाते. तो कपडे मोजून घेतो, तारीख सांगतो. दुसरं काही बोलत नाही. ती आत शिरण्याआधी दर वेळी काचेबाहेर थोडी थांबते, श्वास घेते. मी एकदा म्हटलं, घरी वॉशिंग मशीन आहे, कशाला जातेस. तिने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, "तू चल पुढे. मी येते."